लाँड्रीवाल्याचा ब्लोअर

…नाही नाही, उतरू नका, साहेब, तुम्ही आतच बसा — स्विच कोण फिरवणार मग, मी? माझं डोकं इथं डॅशबोर्डाखाली, पाय बाहेर रस्त्यावर, आणि मला चार हात असते तर गॅरेज कशाला काढलं असतं, सर्कशीत गेलो असतो. बसा. आणि सारखं मागं वळून काय बघताय? कुणी नाहीये तिकडं. सांगितलं ना आल्या आल्या, माझी धाकटी बहीण मार्केटात गेलीय, पार्ट आणायला, बसनं, संध्याकाळशिवाय परत येत नाही. आज तुमच्या नशिबी मी. का, चालत नाही? वर आरसा आहे, बघा जरा त्यात — एरंडेल प्यायल्यासारखं तोंड झालंय. गाडी दुरुस्त झाल्याशी मतलब ना तुमचा? का दुसरा काही मतलब आहे? नाही ना. मग फिरवा. एकवर. हं. दोन. तीन. चार. हा चार? बघा, हात लावा त्या जाळीला — फुंकर. म्हातारा चहा गार करतो ना, तसली. आणि बाहेर ही थंडी. हातमोजे घालूनसुद्धा बोटं निळी पडलीत तुमची, आल्या आल्या काढलेत तेव्हाच बघितलं मी.

आता ऐका, म्हणजे तुम्हालाही कळेल की या गॅरेजात डोकं एकट्या बाईलाच दिलेलं नाही देवानं. चारही आकड्यांवर थोडीथोडी हवा येतेय, बरोबर? म्हणजे रेझिस्टर गेलेला नाही. रेझिस्टर गेला की एक, दोन, तीन मरतात आणि चार तेवढा जोरात चालतो. ही पहिली गोष्ट. दुसरी — फिल्टर. तो मी मघाशीच काढून बघितला, स्वच्छ आहे. पहिल्यांदा आला होतात तेव्हा काय होतं त्यात, आठवतं? तुमच्या लाँड्रीतल्या चादरींचा सगळा भुरा. कापूस, केस, तूस, काय विचारू नका — धाकटीनं तो थर बाहेर काढला तेव्हा अख्खी उशी भरली असती. तेव्हा खरंच हवा अडली होती, मी नाही म्हणत नाही. त्या वेळचं येणं खरं होतं तुमचं. आता तिसरी गोष्ट, मोटर. हात घालून पंखा फिरवला — मोकळा फिरतो, कुठं घासत नाही, आवाज नाही. आणि हा टेस्ट लॅम्प बघा, मोटरच्या प्लगला लावला की लखलखीत पेटतो. वीज येतेय. पंखा बरा, मोटर बरी, वीज बरी — मग वारं का नाही? सांगा. नाही सांगता येत? मी सांगतो. धाकटी म्हणते, वीज आत जायला जशी वाट लागते तशी परत जायलाही लागते. अर्थिंग. म्हणजे — मी म्हणतो असं. ती माझ्याकडून शिकली असेल.

हसलात? नाही, हसला असाल तर सांगा, आपण दोघं हसू. अख्ख्या रस्त्याला असंच वाटतं की हा फक्त टायर बदलतो आणि बिल फाडतो. पाटीवर नाव कुणाचं आहे बाहेर? वाचा जाताना. माझं. वडील गेले तेव्हा ती पाटी मी रंगवून घेतली, स्वतः उभं राहून. आता हे टॅक्सीवाले येतात सकाळी, मी समोर उभा असतो, धडधाकट माणूस, आणि विचारतात काय, तर — ताई आहेत का? वायरिंगचं जरा बघायचंय. अरे, मी काय इथं बाहुली आहे का ठेवलेली? आज दोघं परत गेले. ती नाही म्हटल्यावर. एकाची तर नुसती हेडलाइट होती. जाऊ दे, गेले तर गेले, संध्याकाळी येतील झक मारत. कुठं जाणार? हिच्यासारखं दुसरं आहे कोण या भागात? बॉनेट उघडायच्या आधी कान लावून सांगते कुठली वायर जळालीय. मला जमत नाही ते. म्हणजे जमतं, वेळ लागतो एवढंच.

पण बोलायचं म्हटलं की बोंब. ऐकलंय ना तुम्ही. ब-ब-ब-ब्लोअर. हा हा. जेवताना ती मी-मी-मीठ म्हणेपर्यंत आमचं ताट धुऊन ठेवलेलं असतं. माझी पोरं तिची इतकी हुबेहूब नक्कल करतात, मला हसू आवरत नाही — आणि तीही हसते हो, राग नाही धरत. आम्ही घरात काय करतो, तिनं तोंड उघडलं की शब्द आम्हीच म्हणून टाकतो. तिचा त्रास वाचतो, आमचा वेळ वाचतो. बहुतेकदा बरोबरच असतो शब्द. नसला तरी ती मान हलवते. आम्ही सांभाळतो तिला, साहेब. वर खोली दिलीय, आईच्या शेजारची — म्हणजे आईच्याच खोलीत, आईला रात्री उठवून बसवावं लागतं, कूस बदलावी लागते, कुणीतरी जवळ हवं ना. माझ्या बायकोची कंबर धरते. तिच्यानं होत नाही ते.

आणि तुम्ही. मागच्या खेपेला मी तिथं ऑइल बदलत होतो, त्या पांढऱ्या गाडीखाली. तुम्हाला वाटलं कुणी नाही. धाकटी तुम्हाला काहीतरी सांगत होती, अ वर अडकली — अ, अ, अ — आणि तुम्ही नुसते उभे. हातात टोपी धरून. मी गाडीखालून ओरडणार होतो, अर्थिंग म्हणतेय ती, अर्थिंग. पण म्हटलं बघू या हा काय करतो. तर हा बुवा थांबलाय. घड्याळ बघत नाही, इकडंतिकडं बघत नाही, शब्द पुरवत नाही. तिनं पूर्ण शब्द काढला, मग पुढचा काढला, मग अख्खं वाक्य. मग दुसरं. आमच्या घरात तिनं इतकं बोललेलं मी कित्येक वर्षांत ऐकलेलं नाही. आणि गाडीखाली पडल्या पडल्या माझ्या लक्षात आलं — अच्छा. म्हणजे हा गडी ब्लोअरसाठी येत नाही.

नका, मान हलवू नका. खाई त्याला खवखवे. वय काय तुमचं? केस गेले, पुढचा दात गेला, स्वेटरच्या कोपराला भोक — आणि गाडीही स्वतःची नाही, लाँड्रीच्या मालकाची. दिवसभर दुसऱ्यांच्या मळक्या चादरी वाहायच्या. आणि डोळा कुणावर, तर एका चालत्या गॅरेजवर. आयत्या बिळावर नागोबा. तुम्ही म्हणाल, मला गॅरेज नको, मला ती हवी. तेच म्हणतोय मी. ती म्हणजेच गॅरेज आहे की. ती गेली तर मी काय करू, पंक्चर काढत बसू? आईला कोण उचलणार, तुमच्या चादरी? म्हणजे — तसं नाही, माणसं मिळतात कामाला. माझं काही अडत नाही. मी तिच्या भल्याचं बोलतोय.

असो. फिरवा चारवर आणि तसाच ठेवा. ही वायर बघा, साधी वायर, दोन्ही टोकांना चिमटे. एक चिमटा मोटरच्या काळ्या वायरीला. दुसरा इथं, दाराच्या उघड्या लोखंडाला. लावली. ऐकलंत? हा बघा सुसाट. काढली — मेला. लावली — उठला. काढली — मेला. हातच्या काकणाला आरसा कशाला? मोटर ठणठणीत, फक्त तिची वीज गाडीच्या अंगात परत जायला वाट नाही. आणि ती वाट कुठाय, तर तुमच्या बाजूला बसणाऱ्याच्या पायापाशी, कार्पेटच्या मागं, कोपऱ्यात एक स्क्रू आहे, त्याखाली वायरीची रिंग. बस. एका स्क्रूवर सगळं. आणि मागच्या खेपेला धाकटीनं नेमका तोच स्क्रू काढला होता, घासला, पुसला, बसवला. नव्यासारखं चालू झालं होतं, तुम्हीच म्हणालात जाताना. आणि आज परत तेच? आता मला एक सांगा. धाकटीच्या हातून स्क्रू ढिला राहील? अहो, वडिलांच्या हाताखाली शिकलेली बाई आहे ती. मी ढिला ठेवेन, तुम्ही ठेवाल, ती नाही. जन्मात नाही. मग स्क्रू काय पाय फुटून बाहेर आला? का कुणी रात्रीत कार्पेट उचलून, स्क्रूड्रायव्हर घालून, जरासा, अगदी जरासा फिरवला? म्हणजे परत थंडी वाजायला लागेल. म्हणजे परत यायला तोंड राहील. चोराच्या मनात चांदणं, साहेब, म्हणून तर मागं बघताय सारखं.

शपथा घेऊ नका. मला शपथेची गरज नाही, माझ्याकडं पुरावा आहे. तिची एक पद्धत तुम्हाला माहीत नाही. वडील रंगाचा ठिपका द्यायचे, ही नेलपॉलिश लावते, लाल. नखांना कधी लावलं नाही बयेनं, स्क्रूंना लावते. स्क्रू घट्ट आवळला की त्याच्या डोक्यावरून खाली पत्र्यावर एक लाल रेघ ओढायची. वाळली की टणक. नंतर कुणी स्क्रूला हात लावला, केसभर जरी फिरवला, तरी रेघ तुटते. लपवता येत नाही. आता मी हे कार्पेट ओढणार, बॅटरी मारणार, आणि ती तुटलेली रेघ आधी तुम्हाला दाखवणार आणि संध्याकाळी तिला दाखवणार. म्हणणार, बघ, हा तुझा गरीब बिचारा लाँड्रीवाला. तुझ्या हातचं काम बिघडवून तुझ्याच दारात आणतो. तुला वाटलं तुझं ऐकून घ्यायला येतो. ती एक वेळ माणसाला माफ करेल, तिच्या कामाला हात लावणाऱ्याला नाही करणार. तिथं ती माझ्यासारखीच आहे. वडिलांसारखी. हं, बॅटरी द्या ती. सीटवरची. आलं — निघालं कार्पेट. आता बघा हं. या, वाका जरा, तुम्हीही बघा. आता बघा कशी —

हं.

थांबा. नको. बसा तुम्ही. तिकडंच बसा, वाकू नका, उजेड अडतोय. — अख्खी आहे. अख्खी कशी असेल? डोक्यावरून पत्र्यावर, सरळ, शेवटी एक टिंब, ही तिचीच सवय, दुसऱ्या कुणाची नाही — आणि कुठं तडा नाही. आणि खाली रिंग बोटानं गरगर फिरतेय. म्हणजे आवळलाच नव्हता. नुसता टेकवला, चार दिवस चालेल, मग खड्ड्यांनी हळूहळू सुटत जाईल इतकाच, मोजूनमापून — आणि वरून रेघ ओढली. घट्ट असल्यासारखी. तिनं. धाकटीनं स्वतःच्या हातानं —

काय? काही म्हणालो नाही मी. कुठं काय म्हणालो? खोकलो. तुमचाच भुरा आहे इथं घशात जातोय.

हो, तुटलीय. तुटलीय रेघ. म्हटलं ना तुटलेली असणार. नाही, दाखवत नाही. कशाला दाखवू, तुमचा विश्वास नाही माझ्यावर? हा आवाज — गंज खरवडतोय. स्क्रूड्रायव्हरनं. पत्रा साफ केल्याशिवाय बसवता येत नाही. लाल? लाल कुठं पडतंय, गंज लालच असतो, साहेब, चादरी धुणाऱ्याला काय कळणार. बसा म्हटलं ना. माझ्यासमोर, माझ्या डोळ्यांदेखत, त्या पांढऱ्या गाडीखाली मी पडलेला, आणि इथं ही — अडाणी नाही मी, मला कळतं. एवढ्या वर्षांत एक काम अर्धवट सोडलं नाही तिनं. ताप असताना नाही. वडील गेले त्या दिवशी दुपारी टॅक्सी दारात उभी होती, तीही पुरी करून दिली. आणि कुणासाठी सोडलं, तर — तिला बोलता येत नाही तर तिनं असं — म्हणजे तुम्ही. तुम्ही केलंत. तुम्ही ढिला केलात, मी तुमच्याबद्दल बोलतोय.

का उठलात? खाली बसा. तोंडावर एकदम उजेड कसला पडला तुमच्या? मी काय असं बोललो? तुम्हाला जे वाटतंय ना, तसलं काहीही नाहीये. आवळतोय मी आता हा स्क्रू, सगळा जोर लावून, आणि खाली दातेरी वॉशर घालतोय, आणि वर दुसरा नट. आता ही गाडी भंगारात जाईल तेव्हासुद्धा ही वायर इथंच असेल. परत यायचं कारण नाही तुम्हाला. काय म्हणताय, कारणाशिवाय येईन? तिला एकदा विचारतो? वा. धीर आला की.

बरं, ऐका मग. मी सांगणार नव्हतो. माणसाला वाईट वाटतं, म्हणून गप्प बसलो होतो. तिला विचारायची गरज नाही, तिनं सांगितलंय मला. परवा, जेवताना. आज तुम्ही येणार हे तिला माहीत होतं, म्हणूनच ती मार्केटात गेली. मीच जाणार होतो, ती म्हणाली मी जाते. का गेली? विचारा ना, का गेली. तुमच्यामुळं. म्हणाली, तो माणूस माझ्या तोंडाकडं बघत उभा राहतो. बाकीचे निदान शब्द म्हणून मोकळं करतात मला. हा करत नाही. हा थांबतो. मी अडकते, घाम फुटतो, आणि हा टोपी हातात धरून बघतो मजा. माझी मजा बघायला येतो तो, म्हणाली. आणि रडली. हो, रडली ताटावर. माझ्या बायकोला विचारा. बायको आत्ता घरी नाही.

हे तिचे शब्द आहेत. म्हणजे तिनं अडखळत सांगितलं, आम्ही पुरे केले, पण तिचेच.

मला काय सांगताय की तसं नव्हतं? असेल नसेल. तुमच्या मनात काय होतं ते तुम्हाला ठाऊक. पण तिला काय वाटलं ते मी सांगितलं, भाऊ आहे तिचा, लहानपणापासून तिच्या तोंडातले शब्द ओळखतो. शाळेतसुद्धा पोरं अशीच उभी राहायची तिच्यासमोर, गोल करून, ती कुठं अडकते बघायला. तेच आठवलं असेल तिला. तुम्हाला बघून तेच आठवायचं. आता पुढच्या वेळी तुम्ही येऊन उभे राहिलात तर ती काय करेल? बोलेल? एक अक्षर बोलणार नाही. जे थोडंफार बोलते तेही बंद होईल. तेवढं करायचं असेल तर या, दार उघडंच आहे, मी अडवत नाही कुणाला. नाही ना करायचं? मला वाटलंच. तुम्ही वाईट माणूस नाही. वाईट माणसाला मी हे सांगितलंच नसतं, त्याचा उपयोग झाला नसता.

फिरवा. चारवर. फिरवा हो, हात का थांबला — हा बघा. हा बघा वारा. केस उडाले तुमचे, होते तेवढे. गरम येतंय ना? उरलासुरला भुरा आलेला दिसतोय बाहेर, डोळ्यांत गेला वाटतं तुमच्या. दोन्ही डोळ्यांत? पुसा. बाहीनं पुसा. माझ्याकडं फडकं आहे पण त्याला ऑइल लागलंय. पैसे राहू देत. नको, खरंच नको, स्क्रूचे काय पैसे घ्यायचे, मालकाला सांगा फुकट झालं म्हणून. आणि पुढं काही झालंच तर तुमच्या लाँड्रीजवळ पुलाखाली एक गॅरेज आहे, चांगला माणूस आहे, त्याच्याकडं जा. तिला? तिला मी सांगेन ना, गाडी विकली म्हणून. लाँड्रीनं नवी घेतली, लाँड्रीवाला दुसऱ्या गावाला गेला. काही दिवस बघेल रस्त्याकडं. मग कामाला लागेल. काम भरपूर आहे.

ही — नाही, ती बस वेगळी. या रस्त्यानं पुष्कळ बसेस जातात. थांबली असेल डावीकडच्या स्टॉपवर कुणासाठी तरी. चला, काढा गाडी, मागं टॅक्सी यायचीय. दार मी लावतो. दार राहू द्या, मी लावतो म्हणतोय ना. नाही, डावीकडून नका. डावीकडं रस्ता खणलाय. येताना नसेल, आत्ता खणलाय, दुपारी आले होते ते लोक. उजवीकडून काढा, पुलावरून. आरशात काय बघताय, पुढं बघा, माणूस माराल एखादं. आणि हॉर्न वाजवू नका, वर आई झोपलीय. उजवीकडं. उजवीकडं म्हटलं ना. हं. असं. जा.